दुःख उगाळत बसण्यापेक्षा दुःखासोबत बसायचं कसं : पहिल्यांदाच माइंडफुलनेस करणाऱ्यांसाठी

आई गेल्यावर साधारण चार महिन्यांनी ओळखीतल्या एका काकूंनी मला सांगितलं, अगं माइंडफुलनेस कर, रोज वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसायचं, मन शांत होतं. मी त्याच रात्री बसले. तिसऱ्या मिनिटाला उठले, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडावर दाबून रडले. आई शेवटचे अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि त्या अकरा दिवसांत मी दुसरं काही केलंच नव्हतं, नुसती तिची छाती वर-खाली होताना बघत होते. त्यामुळे श्वासाकडे बघ म्हणजे परत त्या खोलीत जाऊन बस असंच झालं ते माझ्यासाठी. काकूंचा काही दोष नाही, त्यांनी मायेनेच सांगितलं होतं. पण त्यानंतर सात-आठ महिने मी या गोष्टीच्या वाटेला गेले नाही, मधल्या काळात डिप्रेशनचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, थेरपिस्टकडे जायला लागले आणि तिने तेच माइंडफुलनेस मला पार वेगळ्या पद्धतीने, अगदी तळपायापासून शिकवलं.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट नाही. ज्यांचं जवळचं माणूस गेलंय, किंवा ज्यांना डिप्रेशन आहे, किंवा दोन्ही एकदमच अंगावर आलंय आणि ज्यांनी आयुष्यात कधी ध्यान वगैरे केलेलं नाही, त्यांनी कुठून सुरू करायचं, कशानंतर काय करायचं आणि कुठे थांबायचं, ते माझ्या अनुभवातून आणि मला नीट समजावून सांगितलं गेलं तसं सांगते.

सुरू करायच्या आधी हे वाचाच

मनात जीव द्यायचे विचार येत असतील, आपण नसलेलंच बरं असं सारखं वाटत असेल, तर हा लेख इथेच ठेवा आणि आत्ता कोणाला तरी सांगा. घरातलं माणूस, मित्र, डॉक्टर, तुमच्या भागातली हेल्पलाइन, जे पटकन हाताशी असेल ते. अशा वेळी एकटं डोळे मिटून बसणं हा उपाय नाही, जवळ माणूस असणं हा उपाय आहे. तसंच खूप भीषण काही डोळ्यांसमोर घडलं असेल आणि ते चित्रासारखं परत परत समोर येत असेल, किंवा पूर्वी कधी भास वगैरे झाले असतील, तर माइंडफुलनेस एकट्याने सुरू करू नका, आधी मानसोपचार तज्ज्ञाशी बोला. आणि गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या. ध्यानाने बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या आणि महिन्याभरात परत खाली गेलो, असं सांगणारी माणसं मी स्वतः भेटलेय. बंद करायच्या की कमी करायच्या हे डॉक्टर ठरवतील.

आता दुःख आणि डिप्रेशन यातला फरक, कारण मला तो कळायला फार वेळ लागला. माणूस गेल्याचं दुःख सहसा लाटांसारखं येतं. एखादी वस्तू, वास, गाणं, तारीख निमित्त होते, लाट येते, पार बुडवते, मग ओसरते आणि मधल्या वेळात कोणी काही गमतीचं बोललं तर हसूही येतं. डिप्रेशनमध्ये ती ये-जा थांबते. सगळं एकसारखं जड असतं, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टीही बेचव लागतात, झोप-भूक बिघडते, मी काही कामाची नाही, माझ्यामुळेच झालं असं स्वतःबद्दल वाटायला लागतं. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त, जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ टिकलं तर डॉक्टरकडे जायचं, दुःखच आहे जाईल हळूहळू म्हणून वाट बघायची नाही. आणि दुःख स्वतःच खूप लांबून रोजचं जगणं अडवून धरतं तेव्हा त्याचंही आता वेगळं निदान आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्यासाठी किमान 6 महिने धरलेत आणि अमेरिकन मानसोपचार तज्ज्ञांच्या 2022 सालच्या नियमावलीत मोठ्या माणसांसाठी किमान 12 महिने. म्हणजे सहा महिन्यांत तुम्ही बरं व्हायलाच हवं असा याचा अर्थ अजिबात नाही. पण वर्ष उलटूनही पहिल्या आठवड्याइतकंच सगळं ठप्प असेल तर त्यावर खास उपचार आहेत, ते घ्यायचे.

हे नेमकं काय आहे

मन कोरं करणं नाही, हे आधी डोक्यातून काढा. विचार येणारच. पालीमधला मूळ शब्द सति, म्हणजे आपली स्मृती, आता इथे काय चाललंय याचं भान ठेवणं. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये ते काही आठवड्यांच्या कोर्सच्या रूपात आणलं (पुढे तो आठ आठवड्यांचा झाला), जुनं दुखणं आणि ताण घेऊन जगणाऱ्या पेशंटसाठी. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तिघांनी त्याला कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे विचारांच्या सवयी ओळखून बदलायला शिकवणारी पद्धत, जोडली आणि खास डिप्रेशनसाठीचा कोर्स तयार केला. त्यांचा 2000 साली छापून आलेला अभ्यास 145 लोकांवरचा होता, ज्यांना डिप्रेशन येऊन गेलेलं होतं आणि त्या वेळी बरं होतं अशांचा. ज्यांना तीन किंवा त्याहून जास्त वेळा डिप्रेशन आलं होतं त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर 66 टक्के लोक 60 आठवड्यांत परत आजारी पडले, आणि हा कोर्स केलेल्यांत 37 टक्के. हा फरक मोठा आहे, पण बघा, ही माणसं तेव्हा बरी होती. परत खाली जाऊ नये म्हणून तो कोर्स होता. डिप्रेशनच्या अगदी तळाशी असताना, अंथरुणातून उठवत नसताना, चाळीस मिनिटं बसायचं कोणी सांगत असेल तर तसं त्या कोर्सचं मूळ म्हणणंच नव्हतं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मात्र आकड्यांची नाही. आपल्याकडे उगाळणं हा शब्द आहे ना, तीच. दुःख होणं वेगळं आणि दुःख उगाळत बसणं वेगळं. आईची आठवण आली, छातीत कळ आली, डोळे भरले, हे दुःख. आणि मग, त्या रात्री मी दवाखान्यातून घरी गेलेच नसते तर, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर, महिनाभर आधी ती दमतेय म्हणाली तेव्हा लक्ष दिलं असतं तर, हे जे चंदनासारखं त्याच सहाणेवर फिरत राहतं ते उगाळणं. पहिल्याला वाट करून द्यायची असते. दुसरं सुरू झालंय हे ओळखून त्यातून बाहेर यायचं असतं. पुढे जे जे सांगतेय ते सगळं या एका ओळखीसाठी आहे, दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं, डोळ्यांत पाणी दोन्हीत असतं, पण आतून फरक कळायला लागतो आणि तो कळायला थोडी प्रॅक्टिस लागते.

पहिला आठवडा : दोन मिनिटं, डोळे उघडे

खुर्चीवर बसा. जमिनीवरच बसायला हवं असं काही नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, शक्यतो अनवाणी. डोळे उघडे, नजर समोर जमिनीवर कुठेतरी सैल सोडलेली. मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर. आणि लक्ष तळपायांवर.

तळपायांवर लक्ष म्हणजे काय करायचं, हे मला कळत नव्हतं. थेरपिस्टने विचारलं, टाच जास्त टेकलीये की चवडा? फरशी गार आहे का? डाव्या पायाला जास्त गार लागतंय की उजव्या? अंगठ्याच्या शेजारचं बोट जमिनीला लागतंय का? हे बघता बघता दोन मिनिटं गेली आणि मला जाणवलं की त्या दोन मिनिटांत मी दवाखान्याच्या खोलीत नव्हते. अर्धा मिनिट असेन मध्ये, पण परत आले होते. तेवढंच करायचं. मन गेलं, कळलं की गेलं, परत तळपायाशी आणायचं. स्वतःला रागवायचं नाही. दोन मिनिटांत पंधरा वेळा गेलं तर पंधरा वेळा आणायचं आणि ते पंधरा वेळा आणणं हाच व्यायाम आहे, मन गेलं म्हणजे चुकलं असं नाही.

तुम्हाला श्वास चालत असेल तर श्वास घ्या, बहुतेकांना चालतो. पण ज्यांचं माणूस श्वास लागून गेलं, किंवा ज्यांना पॅनिक अटॅक येतात, किंवा दमा आहे, त्यांना श्वासाकडे बघितल्यावर उलट घाबरल्यासारखं होऊ शकतं. अशा वेळी तळपाय, नाहीतर तळहात एकमेकांवर ठेवून त्यांची ऊब, नाहीतर आवाज. आवाज म्हणजे लांबचा एक, जवळचा एक, खोलीतला एक, असं नुसतं ऐकायचं. मला आजही श्वास नकोसा वाटतो आणि मी तळपायांवरच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

वेळ रोज शक्यतो तीच ठेवा, एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून. मी सकाळी दात घासून झाले की लगेच बसायचे, कारण डिप्रेशनमध्ये सकाळ सगळ्यात वाईट असते खूप जणांची, आणि उठून पुढे काय हा प्रश्न नको होता मला. पहिल्या आठवड्यात काहीच बदल वाटणार नाही. चालेल.

दुसरा आठवडा : एक रोजचं काम

आता बसण्याच्या दोन मिनिटांची पाच करा, जमलं तर, आणि त्यासोबत रोजचं एक काम निवडा जे तुम्ही तसंही करताच. भांडी घासणं, अंघोळ, कपड्यांच्या घड्या, जिना चढणं. ते काम करताना फक्त तेच.

मी भांडी घेतली होती. कोमट पाणी मनगटावरून जातं तिथे आधी ऊब लागते मग हाताला सवय होते आणि ऊब कळेनाशी होते, साबणाने हात बुळबुळीत होतात, घासलेली थाळी पालथी घातली की पाण्याची एक रेघ सिंकमध्ये येते. एक दिवस आईचा पाणी प्यायचा ग्लास हातात आला, तिच्या चष्म्याच्या बाजूला रात्री असायचा तो. आधीची मी तो ग्लास कपाटाच्या मागे ढकलला असता. त्या दिवशी मी तो धरून उभी राहिले, पाणी चालू होतं, घसा दाटून आला, रडले, ग्लास घासला, पालथा घातला. सगळं मिळून दोनेक मिनिटांचं असेल. मग पुढची थाळी घेतली. मला ते फार मोठं वाटलं, कारण त्यात उगाळणं एक थेंबभरसुद्धा नव्हतं, नुसतं दुःख होतं आणि ते आलं आणि गेलं.

तिसऱ्या आठवड्यापासून : लाट आली की

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश.

लाट आली की पहिलं, थांबता येत असेल तर थांबा. गाडी चालवत असाल तर बाजूला घ्या. पाय जमिनीला टेकवा, आत्तापर्यंत जे शिकलात ते इथे कामाला येतं.

मग नाव द्या. मनात, किंवा हळू आवाजात. आठवण आलीये. राग आलाय. भीती वाटतेय. अपराधी वाटतंय. एकटं वाटतंय. भावनेला शब्द दिला की मेंदूतला भीती-धोक्याच्या वेळी पेटणारा अमिग्डाला नावाचा भाग थोडा शांत होतो, असं 2007 मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रेन स्कॅनमध्ये पाहिलं होतं. मला एवढं कळतं की नुसतं वाईट वाटतंय म्हटल्यावर काही हलत नाही, पण नेमका शब्द सापडला की खांदे खाली येतात. माझ्या बाबतीत कितीतरी वेळा दुःख म्हणून जे वाटत होतं तो राग होता. आईवर राग, की तू दुखणं लपवलंस. हे नाव द्यायला मला दोन महिने लागले आणि ते दिल्यावर मी तिच्यासाठी जास्त मोकळेपणी रडू शकले.

नाव दिलं की बघा, शरीरात कुठे आहे. घसा, छाती, पोट, जबडा, डोळ्यांच्या मागे. किती मोठं, मुठीएवढं की पूर्ण छातीभर. घट्ट आहे की जड आहे की पोकळ आहे. हे विचारायचं कारण असं की उगाळणं डोक्यात चालतं, शब्दांत चालतं, आणि शरीरातल्या घट्टपणाकडे लक्ष गेलं की त्या शब्दांना तेवढं इंधन मिळत नाही.

आणि आता जी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती ती. त्यात पूर्ण बुडून राहायचं नाही. दहा-पंधरा सेकंद त्या घट्टपणाकडे, मग परत तळपायांकडे, किंवा खिडकीबाहेरच्या झाडाकडे, किंवा खुर्चीच्या हाताकडे. मग वाटलं तर परत घट्टपणाकडे. असं ये-जा. खूप वाढलं तर पूर्ण बाहेर या, डोळे उघडे ठेवून खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधा, गार पाणी तोंडावर मारा, उठून चाला, कोणाला फोन करा. बाहेर येणं म्हणजे पळणं नाही. दुःखाच्या अभ्यासात मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी 1999 मध्ये मांडलेलं आहे की सावरणारं माणूस दोन्हीकडे ये-जा करत असतं, कधी गेलेल्या माणसाकडे तोंड करून, कधी पुढच्या रोजच्या कामांकडे, बिलं भरणं, नवं काही शिकणं, हसणं, आणि ही ये-जा हीच सावरण्याची रीत आहे. मला हे ऐकून फार हलकं वाटलं होतं कारण एखाद्या दिवशी आईची आठवण आली नाही की मला स्वतःचीच लाज वाटायची.

दुःखाच्या पाच पायऱ्यांचं तुम्ही ऐकलं असेल, नकार, राग, घासाघीस, निराशा, स्वीकार. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडलं, आणि मुळात ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटबद्दल होतं. मागे राहिलेल्यांनी त्या पायऱ्या क्रमाने चढायला हव्यात असं काही नाही. मी आता कितव्या पायरीवर आहे हा हिशोब सोडून द्या, त्यानेही उगाळायला एक नवीन विषय मिळतो.

उगाळणं पकडायचं कसं

खुणा सांगते. वाक्य ‘तर’ने संपतं. तोच प्रसंग त्याच क्रमाने तिसऱ्यांदा चाललाय. रडणं सुरू झालं होतं पण आता रडूही येत नाही, नुसतं डोकं गरगरतंय. वेळ किती गेला कळलं नाही. यातल्या दोन खुणा दिसल्या की मनात म्हणा, उगाळणं सुरू झालंय. बास, एवढंच. ते खोटं आहे असं स्वतःला पटवत बसू नका, वाद घातला की ते वाढतं.

मग तीन मिनिटांचा एक छोटा प्रकार आहे, वर सांगितलेल्या डिप्रेशनच्या कोर्समधलाच. पहिलं मिनिट, आत्ता काय चाललंय ते बघायचं, कुठला विचार, कुठली भावना, शरीरात काय. दुसरं मिनिट, लक्ष एका जागी, श्वास किंवा तळपाय. तिसरं मिनिट, लक्ष पसरवायचं, पूर्ण शरीर, बसलोय ती जागा, खोली, आवाज. मिनिटं घड्याळात मोजू नका, अंदाजे. हा प्रकार मी ऑफिसमध्ये, लिफ्टमध्ये, रांगेत उभी असताना केलाय, कोणाला कळतही नाही.

त्यानंतर शरीराला काहीतरी काम द्या, हे विसरू नका. नुसतं तीन मिनिटं करून परत त्याच खुर्चीत बसलं की ते परत येतं. उठा, पाच मिनिटं चाला, कपडे वाळत घाला.

अपराधीपणाबद्दल एक वेगळं सांगते कारण बहुतेक सगळ्यांना तो असतो. मी असं केलं असतं तर या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, कितीही उगाळलं तरी, कारण तेव्हा माझ्याकडे आजची माहिती नव्हती. माझ्या थेरपिस्टने मला तळहात छातीवर ठेवायला सांगितलं आणि म्हणाली, हेच तुझ्या मैत्रिणीने तुला सांगितलं असतं तर तू तिला काय म्हणाली असतीस. मी म्हटलं, मी म्हणाले असते की तू अकरा दिवस खुर्चीत झोपलीस गं. ते वाक्य मी अजून वापरते. तुम्हीही तुमचं एक वाक्य शोधा, तुमच्या बोलीत, तुमच्या तोंडी बसेल असं. छापील गोड वाक्यं चालत नाहीत, मन लगेच ओळखतं. आणि खरोखर काही चूक झाली असेल, भांडण अर्धवट राहिलं असेल, तर गेलेल्या माणसाला पत्र लिहा, कोणाला दाखवायची गरज नाही. ते एकट्याला पेलवत नसेल तर थेरपिस्टसमोर लिहा.

रात्र

रात्री तीनला जाग आली की सगळं दुप्पट वाटतं. पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेक भागाकडे लक्ष न्यायचा बॉडी स्कॅन करा, श्वास बाहेर सोडणं आत घेण्यापेक्षा जरा लांब ठेवा, उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके आपोआप जरा मंदावतात. पण वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद उजेडात दुसरीकडे बसा, नाहीतर अंथरूण म्हणजे उगाळायची जागा होऊन बसते. मोबाईलवर जुने फोटो त्या वेळी नको. फोटो दिवसा बघा.

डिप्रेशन असेल तर थोडं वेगळं

दुःखात बसणं जमतं, डिप्रेशनमध्ये बसणंच घातक होऊ शकतं, कारण बसलं की मन थेट उगाळायला लागतं. म्हणून ज्या दिवशी खूप खाली वाटतंय त्या दिवशी बसूच नका, चाला. दहा मिनिटं, घरातल्या घरातही. पाऊल उचललं, पुढे गेलं, टेकलं, एवढंच बघत. चालायची इच्छा होईल मग चालेन असं म्हणून थांबलात तर ती इच्छा येत नाही, आधी चालायचं, इच्छा झाली तर मागून येते. पहिले दोन महिने अशा दिवशी मी फक्त चालण्याचंच केलं आणि कॅलेंडरवर जमलं त्या दिवशी एक टिंब काढायचे. तीस दिवसांत अकरा टिंबं होती पहिल्या महिन्यात. थेरपिस्ट ते बघून म्हणाली, अकरा दिवस तू उठलीस.

दुसरं, चांगलं वाटलेलं पकडायचं. डिप्रेशनमध्ये बरं वाटलेले दहा सेकंद लक्षातच राहत नाहीत. ऊन पाठीवर पडलं, अंघोळीनंतर केस मोकळे झाले, कुत्रा येऊन पायाशी बसला, तिथे दहा सेकंद जास्त थांबायचं. आनंद मानायची सक्ती नाही. थांबायचं फक्त.

गोळ्या की माइंडफुलनेस असं भांडण लावू नका. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या 424 लोकांवरचा एक अभ्यास आला, डिप्रेशन परत परत येणाऱ्यांचा, त्यात एका गटाने गोळ्या चालू ठेवल्या आणि दुसऱ्याने हा आठ आठवड्यांचा कोर्स करून डॉक्टरांच्या मदतीने गोळ्या कमी किंवा बंद केल्या. दोन वर्षांत परत आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, 47 आणि 44 टक्के. म्हणजे दोन्हींनी मदत होते आणि दोन्हींनंतरही बरेच जण परत आजारी पडतात, तेव्हा परत आलं तर तुमचं काही चुकलं असं समजू नका.

कधी थांबायचं

केल्यानंतर दिवसभर जास्त घाबरल्यासारखं राहत असेल, आपण आपल्या शरीरात नाहीच असं सुन्न वाटत असेल, झोप आणखी उडाली असेल, भीषण चित्रं वाढली असतील, तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. आणखी जोर लावला की पलीकडे जाऊ असं कोणी म्हणालं तरी ऐकू नका. रडू येणं म्हणजे बिघडणं नाही, रडून झाल्यावर थोडं मोकळं वाटतंय का हे बघा, तेवढी एक खूण पुरेशी आहे. अॅप चालतील सुरुवातीला, पण सहा-सात आठवडे करून गोडी लागली तर माणसांसोबतचा आठ आठवड्यांचा कोर्स करा, आणि नाव नोंदवताना शिकवणाऱ्याला आधीच सांगा की माझं माणूस गेलंय, किंवा मला डिप्रेशन आहे. जो यावर प्रश्न विचारतो, गोळ्यांबद्दल विचारतो, डोळे उघडे ठेवले तरी चालतील म्हणतो, तो बरा.

तारखा

वाढदिवस, गेल्याची तारीख, दवाखान्यात नेलं ती तारीख. या तारखा शरीराला आधीच कळतात, आठवडाभर चिडचिड होते आणि कारण सापडत नाही. म्हणून आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवसासाठी तीन गोष्टी ठरवा : कोणासोबत असायचं, गेलेल्या माणसासाठी ठरवून किती वेळ द्यायचा, आणि त्यानंतर कुठलं काम.

माझ्याकडे आईचा एक व्हॉइस मेसेज आहे, एकोणीस सेकंदांचा, येताना टॉर्चचे सेल आण म्हणतेय. पहिलं वर्ष मी तो ऐकू शकले नाही, आणि एकदा ऐकायला लागले तेव्हा रात्री दोनपर्यंत परत परत लावत बसले, ते उगाळणं होतं. आता तिच्या वाढदिवसाला सकाळी अनवाणी खुर्चीवर बसते, पाय टेकवते, एकदाच लावते. घसा दाटतो तिथे थोडा वेळ थांबते, मग पायांकडे येते. भाऊ दुसऱ्या खोलीत असतो, त्याला आधीच सांगितलेलं असतं. मग आम्ही दोघं चालायला जातो.